हेलोची खरी रायफल: बीआर५५ वरचा आरोप मला मान्य नाही

तिसरी_गोळी:

काल येथील एका सदस्याने लिहिले की हेलो या व्हिडिओ गेम मालिकेच्या दुसऱ्या भागात, म्हणजे हेलो २ मध्ये, असॉल्ट रायफल (एआर) काढून तिच्या जागी बॅटल रायफल (बीआर, म्हणजे बीआर५५) आणली आणि त्याच दिवशी या मालिकेतला सैनिक संपून नेमबाजीचा स्पर्धक उरला. त्याखाली पन्नासेक जणांनी ‘अगदी मनातले बोललात’ असे लिहिले. दोन ओळींचा प्रतिसाद देऊन सोडून देणार होतो, पण एवढ्या मोठ्या संख्येने लोक एखादी गोष्ट चुकीची आठवत असतील तर स्वतंत्र धागा काढणे भाग आहे.

२००१ च्या पहिल्या हेलोतली एमए५बी ही असॉल्ट रायफल तुम्ही खरोखर किती अंतरावरून वापरत होता, हे आधी आठवून पाहा. साठ गोळ्यांचे मॅगझिन, चाप दाबून धरला की चार सेकंदांत रिकामे, आणि गोळ्या एवढ्या फाकणाऱ्या की अंगणाच्या पलीकडे उभ्या असलेल्या शत्रूला त्रास होण्यापेक्षा करमणूकच जास्त होत असावी. दुर्बीण नाही. तुम्हाला आठवते ते तिचे रूप आहे: नळीवरचे ते जाडजूड कवच आणि उरलेल्या गोळ्यांचे निळे आकडे. रूपाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या खेळात दोन माणसे समोरासमोर आली की निकाल लावणारे शस्त्र एम६डी पिस्तूल होते. बारा गोळ्या, दुप्पट जवळ आणणारी दुर्बीण आणि नेम अचूक असेल तर तीन गोळ्यांत प्रतिस्पर्धी आडवा. ज्यांनी हेलो प्रत्यक्ष माणसांविरुद्ध खेळला, त्यांच्या हातात एआर केवळ पिस्तूल मिळेपर्यंतच असे.

म्हणून ‘एआरची जागा बीआरने घेतली’ हे विधानच चूक आहे. २००४ मध्ये, हेलो २ काढताना, खेळ बनवणाऱ्या बंजी कंपनीने जुने काम नव्याने वाटून दिले. एआरचे काम, म्हणजे जवळून गोळ्यांचा वर्षाव करणे, हे साठ गोळ्यांच्या एम७ एसएमजी या छोट्या स्वयंचलित बंदुकीकडे गेले आणि ती दोन्ही हातांत एकेक धरण्याची सोयही मिळाली. पिस्तुलाची दुर्बीण काढून घेतली आणि त्याचे काम बीआर५५ कडे आले: छत्तीस गोळ्या, चाप एकदा ओढला की तीन गोळ्यांची फैर, तीन फैरींत समोरच्याचे शील्ड (ऊर्जाकवच) उतरते आणि चौथी डोक्यात बसली तर तो संपतो. चार वेळा चाप ओढायला लागणारा तो वेळ मला अतिशय मोलाचा वाटतो. तेवढ्यात समोरचा उडी मारू शकतो, ग्रेनेड टाकू शकतो, भिंतीआड जाऊ शकतो किंवा तुमच्यापेक्षा चांगला नेम धरून तुम्हालाच संपवू शकतो. हेलोतली झुंज याहून वेगळी काय असते, हे कालच्या लेखकांनी कृपया सांगावे.

साठ_गोळ्या:

कालचा लेखक मीच. आकडे बरोबर दिलेत, त्याबद्दल आभार. निष्कर्ष मात्र आधी ठरवून मग आकडे गोळा केल्यासारखा वाटतो.

एआर दुबळी होती, हे मी कधीच नाकारले नाही. तिच्या दुबळेपणामुळे खेळाडूला पुढे सरकावे लागे, आडोसा शोधावा लागे आणि मॅगझिन संपता संपता दस्त्याचा तडाखा द्यावा लागे, आणि याच सक्तीतून पहिल्या हेलोचा सैनिक घडत होता. बीआरने ही सक्ती काढून टाकली. लॉकआउट हा मॅप आठवा. ज्या मनोऱ्यावर ती रायफल मिळते त्याला सगळे खेळाडू बीआर टॉवर म्हणतात, यातच सर्व आले. त्या मनोऱ्यावर जो बसला, त्याच्यासाठी बाकीचा मॅप केवळ नेम धरण्याचे मैदान होता. नीडलर, प्लाझ्मा रायफल, तुमची लाडकी एसएमजी ही सगळी मखरातली आरास झाली.

शिवाय बीएक्सआर या बटणांच्या युक्तीबद्दल तुम्ही मौन पाळले आहे, ते का? दस्त्याचा तडाखा, लगेच मॅगझिन बदलण्याचे बटण दाबून ती हालचाल मध्येच तोडणे आणि त्याच क्षणी डोक्यात फैर. हे कौशल्य नव्हते, ती खेळातली त्रुटी होती. माझ्या धाकट्या चुलतभावाने ही बटणे पाठ केली आणि त्यानंतर आमच्या घरी हेलो २ खेळणे बंद झाले, कारण त्याच्याशी खेळण्यात कोणालाच गोडी उरली नाही. हेलो ३ मध्ये ही वाट बंद करावी लागली, यावरून काय ते समजावे.

तिसरी_गोळी:

चुलतभावाकडून हरलात म्हणून रायफल वाईट, हा युक्तिवाद मला सुचला नसता हे खरे. त्रुटी होती, ती दुरुस्त झाली आणि त्रुटी गेल्यावरही लोकांनी बीआर सोडली नाही. हेलो २ मध्ये सामना सुरू होताना हातात एसएमजी दिली जात होती. सुरुवातीपासूनच बीआर द्या, ही मागणी खेळाडूंची होती. ती लोकांवर कोणी लादलेली नाही.

रानजाई:

एक मूलभूत प्रश्न कोणीच विचारत नाही, तो मी विचारते. सव्विसाव्या शतकातल्या सैन्याने तीन गोळ्यांवर थांबणारी रायफल मुळात का बनवावी?

हा प्रयोग आपल्या सैन्याने करून पाहिला आहे. इन्सास ही ५.५६ मिलिमीटरची रायफल १९९० च्या दशकात दाखल झाली, तेव्हा तिला एकेक गोळी आणि तीन गोळ्यांची फैर असे दोनच पर्याय होते. सलग गोळीबाराची सोय रायफलीला नव्हती, ती एलएमजीला (हलक्या मशीनगनला) होती. माझे वडील पायदळात होते. त्यांनी आधी ७.६२ मिलिमीटरची एसएलआर ही जुनी रायफल वापरली आणि नंतर इन्सास. मी घरी हेलो खेळताना ते मागे बसून पाहत असत आणि बीआरची फैर ऐकली की हमखास म्हणत, “तीन कशाला? पहिली लागली नाही तर उरलेल्या दोन आभाळाला.” त्यांच्या सांगण्यानुसार त्यांच्या तुकडीतले अनुभवी जवान एक गोळी की फैर हे निवडण्याची कळ एका गोळीवरच ठेवत असत. त्यामुळे बीआर पाहिली की मला भविष्यकाळ दिसत नाही, जुना सरकारी निर्णय दिसतो.

चापओढे:

रानजाई यांच्या वडिलांचा पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. तीन गोळ्यांची मर्यादा गोळ्या वाचवण्यासाठी आली, हे इन्सास आणि अमेरिकी एम१६ए२ यांच्यापुरते खरे आहे. एम१६ए२ मध्ये तर फैर मोजणारे दातेरी चाक चाप सोडल्यावर मूळ जागी येत नसे. त्यामुळे दोन गोळ्यांनंतर चाप सुटला तर पुढच्या वेळी एकच गोळी निघे, आणि चाकाच्या जागेनुसार चापाचा ताणही बदलत असे. अशा यंत्रणेवर कोणी वैतागले तर त्यात नवल नाही. पुढे अमेरिकी भूदलानेच एम४ सोडून सलग गोळीबार करणारी एम४ए१ स्वीकारली.

पण फैरीची दुसरी परंपराही आहे. जर्मन जी११ मध्ये तीन गोळ्या मिनिटाला २००० हून अधिक दराने सुटत, म्हणजे धक्का खांद्याला जाणवेपर्यंत तिसरी गोळी नळीबाहेर पडलेली असे. तिचा उद्देश गोळ्या वाचवणे हा नव्हता. एका नेमात तीन गोळ्या जवळजवळ पाठवायच्या, हा होता. बीआर५५ ची फैर मला या घराण्यातली वाटते. हेलो २ मध्ये नळी वर उचलली जात नाही आणि तिन्ही गोळ्या जवळजवळ पडतात, हे त्यामुळे विसंगत नाही. कालबाह्य काही असेलच, तर ती साठ_गोळ्या यांची लाडकी एमए५ आहे, जी २५५२ साली ७.६२×५१ चे काडतूस झाडते. ते काडतूस नाटोने १९५४ मध्ये प्रमाणित केले. सहाशे वर्षांत कोणालाच काही सुचले नाही? आणि अशा साठ काडतुसांचे वजन दीड किलोच्या आसपास भरते, मॅगझिन वेगळे. वर पूर्ण स्वयंचलित! आपली एसएलआर त्याच काडतुसावर वीस गोळ्यांचे मॅगझिन घेऊन एकेक गोळी झाडत असे, त्याला कारणे होती.

साठ_गोळ्या:

हेलोचा नायक मास्टर चीफ ऊर्जाकवचासह चिलखत घालून रणगाडे उलटवतो, त्याला दीड किलो जड होईल अशी चिंता आपल्याला वाटते, हे वाचून गहिवरून आले.

रानजाई:

चापओढे यांना १९५४ चे हसू येत असेल, तर त्यांनी हेही लक्षात घ्यावे की भारतीय सैन्याने २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या आणि त्या याच ७.६२×५१ च्या आहेत. इन्सासच्या ५.५६ नंतर पुन्हा तेच जुने काडतूस आले, कारण लांबवर जाऊन जोरात लागणारी गोळी हवी होती. पासष्ट वर्षे टिकलेली गोष्ट सहाशे वर्षे टिकेल असे मी म्हणत नाही, पण हसण्याआधी विचार करावा.

चापओढे:

विचार केलेला आहे. वडील सैन्यात होते म्हणून प्रत्येक रायफलीबद्दलचा शेवटचा शब्द आपलाच, असा समज दिसतो. सिग ७१६ सलग गोळीबारासाठी घेतलेली नाही, त्यामुळे साठ गोळ्यांच्या एमए५ ला तिचा आधार मिळत नाही.

रानजाई:

माझ्या वडिलांनी कारगिलच्या वर्षी थंडीत इन्सासची मॅगझिने तडकलेली पाहिली आहेत. तुम्ही जी११ केवळ चित्रात पाहिली असेल, कारण ती कोणत्याही सैन्यात रुजलीच नाही. ज्या रायफलीच्या घराण्याचा दाखला देता, ते घराणे युद्धात उतरलेच नाही. शेवटचा शब्द मला नको, पण निदान पहिला तरी अनुभवाचा असावा.

पेठेतला_पाहुणा:

अहो, इथे काल्पनिक रायफलीवरून कारगिल काढण्याची गरज आहे का? थोडा श्वास घ्यावा.

माझा अनुभव पीसीवरचा आहे. २००३ मध्ये हेलो पीसीवर आला, त्यानंतर पुण्यात कॉलेजजवळच्या एका कॅफेत आम्ही लॅनवर (एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर) हेलोचा ब्लड गल्च हा मॅप खेळत असू. तासाचे पैसे आधी द्यावे लागत आणि मालकाने ठेवलेल्या माउसची चेंडूवाली चाके केसांनी भरलेली असत, त्यावर एक वेगळा धागा काढता येईल. त्या कॅफेत एआरवर प्रेम करणारा एकही मुलगा मला भेटला नाही. सगळे पिस्तूल धरत आणि एआरवाला दिसला की त्याला नवीन समजत. तेव्हा तिसरी_गोळी यांचे पिस्तुलाबद्दलचे म्हणणे मला पटते. मात्र बीआरबद्दल पूर्ण पटत नाही: पिस्तुलाच्या गोळीला मी जबाबदार असे, तर हेलो ३ मध्ये बीआरच्या गोळ्यांना पोहोचायला वेळ लागू लागला आणि प्रत्येक फैर थोडी वेगळी फाकू लागली. लांबवर चौथ्या फैरीतली एक गोळी कुठे जाईल, हे माझ्या हातात राहिले नाही. नेमबाजाचे शस्त्र म्हणायचे आणि नेम नशिबावर सोडायचा, हे कसले?

तिसरी_गोळी:

हा या धाग्यातला पहिला खरा आक्षेप आहे आणि नाइलाजाने मान्य करावा लागतो. हेलो ३ ची फाकणारी फैर मला आवडत नाही. परंतु दोष फैरीच्या कल्पनेचा नाही, आकड्यांच्या जुळणीचा आहे. याच बंजीच्या जेमी ग्रीझमर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक संपूर्ण व्याख्यान हेलो ३ च्या स्नायपर रायफलीच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ वरून ०.७ सेकंद का केला, एवढ्यावरच दिले होते. जिथे ०.२ सेकंदांवर तासभर बोलले जाते, तिथे फैर किती फाकावी हे आपोआप ठरलेले नसणार. लांबवरच्या बीआरला आवर घालण्यासाठीच ते केले असावे, असा माझा तर्क आहे. म्हणजे साठ_गोळ्या यांच्या तक्रारीचे औषध काढले आणि रोगी आम्ही झालो.

साठ_गोळ्या:

औषध अपुरे पडले. हेलो रीचमध्ये, २०१० साली, डीएमआर ही रायफल आली: एकेक गोळी, पंधरांचे मॅगझिन, घाईने चाप ओढला तर नेमाचे वर्तुळ फुगत जाणार. म्हणजे संयम ठेवा, असे खेळ सांगत होता. लोकांनी संयम ठेवला का? बेफाम चाप ओढणाऱ्याची गोळी अनेकदा योगायोगाने डोक्यात बसे आणि शांतपणे थांबलेला मरे. शेवटी २०११ च्या अपडेटमध्ये काही सामन्यांपुरते ते फुगणे कमी करावे लागले. लांब पल्ल्याची रायफल प्रत्येकाच्या हातात दिली की तिला ताब्यात ठेवण्यासाठी अशा कसरती कराव्या लागतात, हेच मी काल लिहिले होते. एआरसाठी अशी कसरत कोणालाही करावी लागली नाही.

चापओढे:

कारण एआर कोणाला मारतच नव्हती.

रानजाई:

हे मात्र खरे आहे. चापओढे यांच्याशी एका वाक्यापुरती सहमती, तीही वाक्य लहान होते म्हणून.

साठ_गोळ्या:

जुन्या एआरबद्दल हसून घ्या. हेलो इन्फिनिटमधली एमए४० ही नवी एआर वापरून पाहिली आहे का? छत्तीस गोळ्या, बऱ्यापैकी एकत्र पडणाऱ्या, मध्यम अंतरावर डोक्याचा नेम न धरताही काम करणाऱ्या. २०२१ मध्ये साधे सामने याच रायफलीने सुरू होत होते आणि ती हातात असलेला खेळाडू बीआर७५ (तिथली बीआर) वाल्याला जवळ येऊन हरवू शकत होता. आरास झालेली रायफल अशी परत आणता येते, हे वीस वर्षांनी का होईना, कोणाला तरी कळले.

तिसरी_गोळी:

एमए४० चांगली आहे. ती चांगली झाली कारण तिला थोडी बीआर बनवले. गोळ्या कमी आणि नेम घट्ट. तुमच्या साठ गोळ्यांचा वर्षाव करणारी रायफल तिथेही परतलेली नाही. तिकडच्या क्रमवारीच्या सामन्यांत सुरुवातीला हातात काय दिले होते, तेही लिहा.

साठ_गोळ्या:

बीआर. आणि २०२३ मध्ये तिथून तिलाही काढून बँडिट इव्हो ही रायफल दिली, जी फैर सोडून एकेक गोळी झाडते. रानजाई यांच्या वडिलांना नक्की कळवा.

रानजाई:

कळवले. ते विचारत आहेत की तिचे मॅगझिन थंडीत तडकते का.