जुनी फोर बाय फोर पिकअप: अ‍ॅव्हरेज पाहू की गाडीची हालत?

वावर_ते_बाजार (घाटंजी, यवतमाळ)
नमस्कार मंडळी. रोडपासून वावरापर्यंत पावणेतीन किलोमीटरची पांदण आहे, सगळी रेगडी. पाणी पडलं की साधी पिकअप मधातच फसते. खत, फवारणीचं सामान, हंगामात ६-७ क्विंटल कापूस, एवढं न्यावं लागते. महिन्याचं रनिंग १५०० किमी, त्यातले बाराशे डांबरावर. बजेट ८ लाख. २०१७ ची इसुझू व्ही-क्रॉस २.५ मॅन्युअल, २०१४ ची टाटा झेनॉन फोर बाय फोर आणि एक महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे फोर बाय फोर पाहून ठेवली आहे. कोणी ८ चा अ‍ॅव्हरेज सांगते, कोणी १४ चा. खरा किती धरायचा? आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, खरंच लागते की नुसता लाइट पेटतो, हे घ्यायच्या आधी कसं तपासायचं?

डिझेल_हिशेब (वर्धा)
भाऊ, या तिन्ही गाड्या रिकाम्याच दोन टनांच्या आसपास भरतात. डांबरावर ७०-८० च्या स्पीडने १० ते १२ धरा. शंभराच्या वर नेली की ९ वर येते, आणि चिखलात फोर-लोवर (चारही चाकं, जास्त जोराचा हळू गिअर) ५-६ मिळाला तरी ठीक समजा. तुमच्या रनिंगला सरासरी १० धरून चाला.

डिझेल ९० रुपये धरलं तर १५०० किमीला १० च्या अ‍ॅव्हरेजने १५० लिटर, म्हणजे १३,५०० रुपये. १२ च्या अ‍ॅव्हरेजने १२५ लिटर, म्हणजे ११,२५०. फरक महिन्याला २,२५०, वर्षाला २७,०००. इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) आणि ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) काम एकदम निघालं तर असा दोन वर्षांचा फरक एका बिलात जातो. म्हणून १० आणि ११ यात डोकं घालू नका, हालत पाहा.

टायरचा साइज मात्र नक्की वाचा. मूळ २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ चढवला असेल तर चाक साधारण ७ टक्के मोठं होते. मीटर १०० दाखवते तेव्हा गाडी १०७ चाललेली असते. म्हणजे मीटरवरून काढलेला अ‍ॅव्हरेज कमी येते, आणि ‘लाखभर चालली’ म्हणणारी गाडी त्याहून जास्त चाललेली असते. वर मोठं टायर फिरवायला इंजिनला जोर जास्त लागते तो वेगळाच.

ट्रायलला १५ किमी चालवून थांबा आणि चारही रिमांजवळ हात न्या. एकच चाक तापलेलं असेल तर ब्रेक पकडून राहतो. मागच्या ड्रममध्ये वाळलेला चिखल बसला की हे होते, आणि अ‍ॅव्हरेज पडायचं हे फार सामान्य कारण आहे.

गिअरतेल (हिंगणघाट)
फोर बाय फोरच्या तपासणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक डांबरावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा स्पीड) लावून पाहतात आणि तेच चुकते. या गाड्यांत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग, नाही. कोरड्या डांबरावर वळण घेतलं की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण सुटायला जागा नसते आणि तो सगळा ट्रान्स्फर केसच्या चेनवर येते. तपासणी मुरुमावर किंवा वावरात करा.

सपाट जागी इंजिन चालू असताना फोर-हाय लावा, दहा-वीस फूट सरळ पुढे-मागे घ्या, मग पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. थोडी ढिलाई देऊन चाक अडलं पाहिजे. पूर्ण फिरत असेल तर फोर बाय फोर पुढच्या चाकापर्यंत पोचतच नाही, डॅशबोर्डवर लाइट पेटलेला असला तरी. चाक खाली घ्या, टू-हाय (नुसती मागची चाकं) लावून, थोडी चालवून पुन्हा तेच करा. आता ते मोकळं फिरलं पाहिजे. इथंही अडत असेल तर समोरचा भाग सुटत नाही. अशी गाडी डांबरावर चालवली की टायरही खाते आणि डिझेलही.

चाक अडलं नाही म्हणजे ट्रान्स्फर केसच गेली असं लगेच धरू नका. काही गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सल व्हॅक्यूमने (हवेच्या ओढीने) जोडला जाते. त्याची रबरी नळी तडकली किंवा उंदराने कुरतडली तरी हेच लक्षण दिसते, आणि ते काम स्वस्तात होते. फोर बाय फोर लावणाऱ्या शिफ्ट मोटरच्या वायरिंगचा कनेक्टर चिखलाने गंजला तरी तसंच. ट्रान्स्फर केसमधली चेन किंवा गिअर सरकवणारा फोर्क गेला असेल तर खर्च मोठा. लोड देताना खालून टकटक आवाज आणि झटके आले की चेन ताणलेली समजा.

ट्रान्स्फर केस आणि अ‍ॅक्सलचं तेल उघडूनच पाहा. आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का पाहा, मगच खालचा खोला. नाहीतर तेल निघून जाईल आणि भरता येणार नाही. खालच्या बोल्टच्या मॅग्नेटवर राखाडी पेस्ट असली तर हरकत नाही, चमकणारे तुकडे असले तर गाडी सोडा. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर नाल्यातून जाताना ब्रीदरमधून (अ‍ॅक्सलची हवा जायची नळी) पाणी शिरलं आहे. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरचा पाइप तुटलेला किंवा गळून पडलेला असेल तर तिथून पाणीच ओढते. नवा पाइप बोनेटपर्यंत वर नेऊन बांधायचा, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे आणि पावसाळ्याआधी केलंच पाहिजे. अ‍ॅक्सलमध्ये बहुतेक ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल पडते, पण ट्रान्स्फर केसमध्ये अनेकदा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागते. मॅन्युअल पाहूनच घाला, दोन्हीकडे एकच डबा ओतू नका.

बाकी पटापट: पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबर बूट फाटलेले नकोत, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहा, आणि मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ (पाटा चेसिसला जोडणारी कडी) चेसिसला वेल्डिंगचा डाग दिसला तर ओव्हरलोड झालेली गाडी आहे.

वावर_ते_बाजार
फार कामाचं, धन्यवाद जी. आणि इंजिनचं? त्या २०१७ च्या गाडीचं बोनेट गेल्या गेल्याच गरम लागलं होतं.

डिझेल_हिशेब
मग पुन्हा जा, सकाळी, आणि आधीच सांगून ठेवा की गाडी थंड पाहिजे. थंड स्टार्टला पांढरा धूर रेंगाळत राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न, निळा म्हणजे तेल जळते. सुरू इंजिनवर तेलाचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. ते जोरात उडू लागलं तर रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरच्या जाळीत टॉर्च मारा, कापसाचे तंतू, कुटार आणि माती मिळून तिथं नमदा बसतो. मग गाडी दिवाळीपर्यंत नीट चालते आणि एप्रिलमध्ये तापते. ड्रममधलं डिझेल टाकत असाल तर वॉटर सेपरेटरमधलं पाणी दर महिन्याला काढा, कॉमन रेल पंपाला (जास्त दाबाचा डिझेल पंप) पाणी चालत नाही.

पांदणीचा_सोबती (राळेगाव)
टायरबद्दल एकच. रेगडी टायरच्या खाचांत भरली की चाक गुळगुळीत होते, मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागेवरच. एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचे) टायर घ्या, चिखलात हवा १८-२० पीएसआयवर आणा, हळू चालवा, आणि डांबरावर येताच दारावरच्या स्टिकरवरचा आकडा पुन्हा भरा. एअर कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा. चारही टायर एकाच साइजचे आणि सारखे झिजलेले पाहिजेत. रिकामी जाताना मागच्या अ‍ॅक्सलवर १००-१५० किलो वजन ठेवा, मागचं हलकं असलं की चाक जागेवरच गरगरते.

२०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाची) गाडी दाखवली तर डीपीएफबद्दल, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल, विचारा. तो जळून साफ व्हायला मोकळ्या रोडवर सलग रनिंग लागते. तुमचे बाराशे किमी डांबराचे आहेत, म्हणून चालेल. नुसत्या वावरात फिरणाऱ्याने बीएस-४ च पाहावी.

गिअरतेल
कागदांत आरसीवर गाडीचा वर्ग वाचा. मालवाहू असेल तर ८ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तुमच्या २०१७ आणि २०१४ दोन्हींना तो दरवर्षीचा लागेल. ग्रॉस वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. मालकी बदलायचे फॉर्म २९, ३० आणि कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि थकलेली ई-चलानं आधी तपासा.

घेतल्यावर उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा मुरुमावर दोन-तीन किमी फोर-हाय लावून चालवत जा. पुढच्या अ‍ॅक्सलचं तेल सीलपर्यंत पोचत राहते आणि जूनमध्ये फोर-हाय लावलं की लगेच लागते.