मदत हवी आहे: स्टर्नडेल बेनेटचं 'द फाउंटन' आजच्या ग्रँड पियानोवर कसं वाजवावं?

विल्यम स्टर्नडेल बेनेट (1816–1875) हा शेफील्डचा संगीतकार. जर्मन संगीतकार मेंडेल्सोननं त्याला जर्मनीला बोलावलं ते शिष्य म्हणून नव्हे, मित्र म्हणून. तिथल्याच शूमान या संगीतकारानं 'सिंफॉनिक एट्यूड्स' ही पियानोरचना, ओपस (रचना-क्रमांक) 13, त्यालाच अर्पण केलं आणि शेवटच्या भागात जर्मन संगीतकार मार्श्नरच्या ऑपेरातली इंग्लंडच्या गौरवाची धून घेतली. बेनेटनंही आपली ओपस 16 फँटसी शूमानला अर्पण केली. एवढ्या तोलाचा माणूस आज मैफलींत जवळजवळ ऐकूच येत नाही, याचं वाईट वाटतं.

बेनेटची ओपस 10 मधली तीन संगीतचित्रं, म्हणजे पियानोच्या छोट्या रचना, 'द लेक', 'द मिलस्ट्रीम' आणि 'द फाउंटन', सलग बसवायची आहेत. पहिल्याची अडचण नाही. गाडी अडते ती 'फाउंटन'वर. त्या काळच्या पियानोची पट्टी हलकी, दाब उथळ आणि स्वर लवकर विरणारा. आजच्या ग्रँडवर तेच द्रुत स्वर जड पडतात. स्वर लांबवणारं उजवं पेडल पूर्ण दिलं की सुरावट एकमेकांत मिसळून चिखल होतो, अजिबात न दिलं तर सगळं टाइपरायटरसारखं कोरडं.

सध्याचा उपाय असा: पेडल पाव इंचाहून कमी दाबायचं, प्रत्येक स्वरसंगती बदलताना सोडायचं, बोटं पट्टीला चिकटून ठेवायची आणि डाव्या हाताचा आवाज उजव्याहून एक पायरी हलका. तरी वेग वाढला की मनगट आखडतं आणि वरचा स्वर दबतो.

ज्यांनी हे वाजवलंय त्यांनी सांगावं: डावं, मृदू पेडल सलग ठेवावं की फक्त पियानिसिमोला, म्हणजे अगदी हलक्या आवाजाच्या जागी? आणि तिन्ही चित्रांनंतर लगेच शूमानचा तो शेवटचा भाग घेतला, तर बेनेटचा नाजूकपणा झाकोळेल का?