आईला शुगर, समोर बांधकामाची धूळ, हळद-ब्रोकोलीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

चेंबूरकर_ताई
नमस्कार मंडळी, आईला टाइप २ डायबेटीस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. समोर रीडेव्हलपमेंटचं काम चाललंय, थंडीत तर खिडकीच्या ग्रिलवरून बोट फिरवलं की काळं होतं, आणि यावेळी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) पण वर आलं. नात्यातले एक काका म्हणतात प्रदूषणाने शुगर बिघडते, हळद, ग्रीन टी, ब्रोकोलीच्या अर्काच्या कॅप्सूल चालू करा. आई म्हणते आण, औषध थोडीच आहे, झाडपालाच तर आहे. खरंच उपयोग होतो का हो?

फार्मसीवाली_मुलुंड
ताई, प्रदूषणाचं काका बरोबर सांगतायत. पीएम २.५ चे म्हणजे हवेतले अतिबारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात, सूज येते, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणाऱ्या घटकांचा ताण) वाढतो आणि हळूहळू शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, शिवाय डायबेटीसवाल्यांच्या हृदयाला या हवेचा धोका जास्त. हळदीतलं कर्क्युमिन यावर काम करतं असं दिसलंय पण ते जास्त करून उंदरांवर आणि लॅबमधल्या पेशींवर.
कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न विचारता अजिबात देऊ नका. कर्क्युमिन रक्तात फार कमी उतरतं म्हणून त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात, ते इतर गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतं, आणि ग्लिमेपिराइडवर शुगर एकदम उतरली तर घाम, थरथर, चक्कर, वयस्कर माणसाला झेपत नाही. हळदीच्या कॅप्सूल आणि ग्रीन टीचा अर्क यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेसही आहेत. भाजी-आमटीतली हळद खुशाल खाऊ दे.

कोबी_मुळा
ब्रोकोलीबद्दल सांगतो, तिथे माणसांवरचा प्रयोग झालाय. चीनमधल्या चिडोंगला २९१ लोकांना १२ आठवडे रोज पेय दिलं, काहींना ब्रोकोलीच्या कोवळ्या मोडांचं, बाकीच्यांना साधं. २०१४ साली निकाल छापून आला, मोडांचं पेय पिणाऱ्यांच्या लघवीतून हवेतल्या विषारी रसायनांपैकी बेन्झीनचा निचरा ६१ टक्के आणि अ‍ॅक्रोलीनचा २३ टक्के जास्त झाला. हे ब्रोकोलीतून मिळणाऱ्या सल्फोराफेन या घटकाचं काम. पण हा प्रयोग डायबेटीसच्या पेशंटवर नव्हता, त्यामुळे त्यावरून शुगरचा दावा कुणी करत असेल तर ऐकू नका.
घरी करायचं तर ब्रोकोली चिरून पाऊण तास तशीच ठेवायची, मग हलकी वाफवायची आणि वरून कच्च्या मोहरीची पूड भुरभुरायची. सल्फोराफेन तयार करणारं एन्झाइम शिजवताना मरतं, ते मोहरीतून परत मिळतं. फोडणीत तडतडलेली मोहरी इथे कामाची नाही.

अनिकेत_गोवंडी
आधी धूळ अडवा ना ताई. समीर या सरकारी अ‍ॅपवर एक्यूआय (हवा किती खराब त्याचा आकडा) बघून खिडक्या उघडा, आईंना बाहेर पडताना एन९५ द्या, घरात झाडूऐवजी ओलं फडकं. साइटवर हिरवं कापड आणि पाण्याची फवारणी पालिकेने २०२३ पासून सक्तीची केलीय, नसेल तर फोटो काढून एम पश्चिम वॉर्डला तक्रार टाका, सोसायटीच्या लेटरहेडवर.

चेंबूरकर_ताई
खूप आभार सगळ्यांचे, कॅप्सूल नाही आणत. आई सकाळी कारल्याचा रस पण घेते, तो चालेल ना?

फार्मसीवाली_मुलुंड
कारल्यानेही शुगर उतरते, त्यात ग्लिमेपिराइड, म्हणून रसाचं डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि तोवर थांबवलेला बरा. कारल्याची भाजी चालेल.