मदत हवी आहे: सावध लेकीचा पहिला रोलर कोस्टर

लेक ६ वर्षांची. लहान मुलांच्या कोस्टरपुरती उंची आहे, पण घसरगुंडीवरसुद्धा आधी चार जणांना जाऊ देणारी! आता स्वतःच म्हणते, "बसायचंय, पण तो कटकट आवाज नको." चढावर डबे मागे घसरू नयेत म्हणून खटके असतात, त्यांचा तो आवाज, हे समजावलं. जरा निवळली. तरी रांगेत मुठी आवळल्या, आम्ही परतलो.

शेवटच्या डब्याला उतारावर जास्त हिसका बसतो, म्हणून मधे बसवावं का? की पुढे, सगळं दिसेल तिथे? आधी व्हिडिओ दाखवला तर भीती वाढेल का? आणि ऐन वेळी नाही म्हणाली तर थोडा आग्रह करावा? (तिचे बाबा म्हणतात करावा. मला पटत नाही.)