मदत हवी आहे: गरोदर बाईची व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्तचाचणी) रिॲक्टिव्ह, पेनिसिलिनचा दुसरा डोस चुकला

उपकेंद्र, दिंडोरी तालुका
नमस्कार. पहिलटकरीण, 26 आठवडे. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह 1:16, टीपीएचए (सिफिलिस पक्का करणारी चाचणी) पॉझिटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह. अंगावर चट्टा-जखम नाही. सिफिलिस कधीचा ते कळायला मार्ग नाही, म्हणून आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं ठरली. पहिलं झालं आणि त्यांची मजुरांची टोळी द्राक्षांच्या कामाला निफाडकडे गेली. आज परत आली, मध्ये 17 दिवस गेले. आता दुसरा डोस द्यायचा की पहिल्यापासून सुरुवात? नवऱ्याची व्हीडीआरएल नॉन-रिॲक्टिव्ह आहे, तो सुई घ्यायला तयार नाही. आणि बाळासाठी आत्तापासून काय नोंदवून ठेवू?

प्रसूतितज्ज्ञ, नाशिकरोड
सिस्टर, पहिल्यापासून. गरोदरपणात दोन डोसांत 7 दिवस हवेत, 9 च्या पुढे जाऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 14 दिवसांची आहे, तीही उलटली. बेंझाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट आज, मग आजपासून 7 आणि 14 दिवसांनी. 26 आठवडे म्हणजे वेळ हातात आहे. प्रसूतीला 4 आठवड्यांहून कमी राहिले असताना उपचार सुरू झाले, तर बाळाच्या दृष्टीने ते अपुरेच धरतात.

बाई पुन्हा कामाला जाणार असेल तर पुढच्या तारखा आणि डोस चिठ्ठीवर लिहून द्या आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून ठेवा. सुई टाळून ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या देऊ नका. आईचं रक्त सुधारल्यासारखं दिसेल, पण ते औषध वार ओलांडून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात चालत नाही. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर सिव्हिलला पाठवा, भरती करून चढत्या मात्रेने पेनिसिलिनच द्यावं लागतं.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर कारण स्पष्ट लिहा. बाळाचं यकृत मोठं, पोटात पाणी, वार जाड असं काही दिसलं तर पुढचा डोस उपकेंद्रावर नको, रुग्णालयात द्या.

नवऱ्याचं: संसर्ग नवा असेल तर सुरुवातीला व्हीडीआरएल नॉन-रिॲक्टिव्ह येऊ शकते. त्याला 24 लाखांचा एक डोस द्यावा आणि 3 महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. त्याने घेतलं नाही तर बाईला प्रसूतीआधीच पुन्हा लागण होऊ शकते. सिव्हिलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांचा दवाखाना) हे मोफत आहे, 1097 या हेल्पलाइनवरही बोलता येतं. दोघांचा उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध नकोत. बोलताना "कुणामुळे झालं" हा विषय काढूच नका. तिथे बोलणं अडकलं की दोघंही परत येत नाहीत.

स्टाफ नर्स, सिडको
इंजेक्शनबद्दल थोडं. 12 लाखांच्या दोन वायल, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. आधी वायल हलवून पूड मोकळी करायची, मग वायलवर लिहिलं असेल तेवढंच पाणी घालायचं. मिश्रण दुधासारखं दाट होतं आणि थांबलात की सुईत बसतं, म्हणून 21 नंबरची सुई घ्या, भरलं की लगेच टोचा. पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघाच. हे औषध शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. तीव्र ॲलर्जी आली तर लागणारं ॲड्रेनालिन हाताशी ठेवा, अर्धा तास बसवून ठेवा.

उपकेंद्र, दिंडोरी तालुका
पहिल्या डोसनंतर रात्री थंडी-ताप आला होता म्हणे. ती आता घाबरते आहे. ॲलर्जी समजायची का?

प्रसूतितज्ज्ञ, नाशिकरोड
पुरळ, गांधी, धाप नसेल तर नाही. जंतू एकदम मरतात तेव्हा 24 तासांत असा ताप येतो. पॅरासिटामॉल द्या. पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मात्र घरी थांबायचं नाही, हे तिला आणि सासूला दोघींना सांगा.

लॅब टेक्निशियन, पंचवटी
टायटर, म्हणजे 1:16 सारखा आकडा, एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. व्हीडीआरएलचा आकडा आरपीआर या तशाच दुसऱ्या चाचणीच्या आकड्याशी जुळवू नका. 1:16 वरून 1:8 म्हणजे घट धरत नाहीत, 1:4 झालं तर खरी घट. प्रसूतीपर्यंत तेवढी घट दिसलीच पाहिजे असं नाही, वाढ मात्र दिसता कामा नये. टीपीएचए सहसा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, ती परत परत करून पैसे घालवू नका.

बालरोगतज्ज्ञ, गंगापूर रोड
बाळासाठी माता-बाल संरक्षण कार्डावर चार गोष्टी हव्यात: तीनही डोसांच्या तारखा, मात्रा, आईचे टायटर तारखांसह, नवऱ्याचा उपचार. कार्ड कोरं असेल तर उपचार झालेच नाहीत असं धरून आम्हाला बाळाला 10 दिवस शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागतं, पाठीतल्या पाण्याची तपासणी आणि हाडांचा एक्स-रे वेगळाच. नोंदी पूर्ण असतील, तपासणीत बाळ ठीक असेल आणि त्याचं टायटर आईच्या चौपट नसेल, तर किलोला 50,000 युनिट बेंझाथिनचा एक डोस पुरतो.

बाळाचं रक्त शिरेतूनच घ्या. नाळेतल्या रक्तात आईचं मिसळतं आणि निकाल फसवतो. अशी बरीच बाळं जन्मतः धडधाकट दिसतात. नंतर नाक सतत वाहणं, तळहात-तळपायांची सालं निघणं, कावीळ, एक हात न हलवणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच पाठवा. आईचं दूध चालू ठेवायचं, स्तनावर जखम असेल तरच त्या बाजूचं थांबवा. बाळाची व्हीडीआरएल दर 2-3 महिन्यांनी, नॉन-रिॲक्टिव्ह होईपर्यंत. आईकडून आलेल्या अँटिबॉडी असतील तर 6 महिन्यांपर्यंत जातात.

आणि हिचा हिपॅटायटिस बी चा रिपोर्ट तुम्ही लिहिला नाहीत. तो झाला नसेल तर आजच्याच रक्तात करून घ्या. पॉझिटिव्ह निघाला तर बाळाला 12 तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागतं, ते आधीच मागवून ठेवावं लागेल.