दुसऱ्याला लागलेलं बघून आपल्याच अंगात कळ का जाते?

चाफेकळी:
मागच्या आठवड्यात आईच्या पायाचं ड्रेसिंग चालू होतं, मी तिला धीर द्यायला शेजारी उभी. सिस्टरनी चिकटलेली पट्टी ओढली आणि माझ्याच पोटरीतून अशी कळ गेली की मी पाय मागे घेतला, मग डोळ्यांपुढे अंधारी, आणि शेवटी आईला तिथेच सोडून बाहेर येऊन बसले. ती काही बोलली नाही पण मला ते फार लागून राहिलंय. लहानपणापासून असंच आहे, कोणाचं बोट दारात चेमटलं की मी माझं बोट धरते. भाऊ मात्र शेवटपर्यंत शांतपणे बसून होता. मग त्याला कमी वाटतं का? आणि मला खरंच दुखतं की मनाचे खेळ आहेत? कोणी याबद्दल वाचलं असेल तर सांगा ना.

वाटाड्या:
मनाचे खेळ अजिबात नाहीत. २००४ साली मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला. बाई मेंदूच्या स्कॅनरमध्ये, जोडीदार बाजूला बसलेला, शॉक कधी तिच्या हाताला कधी त्याच्या. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, कोणाची पाळी आहे ते फक्त रंगीत खुणेवरून कळायचं. तरी त्याला शॉक बसणार म्हटल्यावर तिच्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेटचे तेच भाग जागे व्हायचे जे स्वतःला बसल्यावर होतात. कुठे दुखतंय, किती जोरात, हे टिपणारे भाग मात्र फक्त स्वतःच्या शॉकला जागे झाले. म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्यातला त्रास पोचतो, ठणका नाही.

चाफेकळी:
पण मला तर नेमकी पोटरीतच कळ आली!

अबोली_२१:
हे सगळं मिरर न्यूरॉनमुळे होतं ना?

वाटाड्या:
अबोली, मिरर न्यूरॉन म्हणजे आपण एखादी हालचाल करताना आणि दुसऱ्याला ती करताना बघतानाही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशी. ते इटलीत पार्मा इथे माकडांमध्ये सापडले, आणि ते हालचालींबद्दल होतं, वस्तू उचलणं वगैरे. वेदनेचं सगळं त्यांच्यावर ढकलता येत नाही.
चाफेकळी, तुमच्यासारखी बरीच माणसं आहेत. २०१० च्या एका अभ्यासात दुखापतीचे फोटो आणि क्लिप दाखवल्यावर साधारण एक तृतीयांश लोकांनी सांगितलं की आपल्यालाही दुखलं, नुसतं वाईट वाटलं असं नाही. आणि शरीर उत्तर देतं हे तर मोजलंय. दुसऱ्याच्या हातात सुई घुसताना बघितली की आपल्या हाताच्या त्याच स्नायूकडे मेंदूतून जाणारा इशारा दबतो, टोमॅटोत सुई घुसताना बघितली की काही होत नाही. मला हा प्रयोग फार आवडतो.

रातराणी:
अगं मी नर्स आहे, ११ वर्षं झाली, आणि पहिल्या महिन्यात टाके घालताना बघून मी स्वतः खाली पडले होते. तेव्हा नाडी आणि बीपी एकदम उतरतं, त्याचा मनाच्या कमकुवतपणाशी काही संबंध नाही. भावाला कमी वाटतं असं तर मनातही आणू नकोस. तैवानमध्ये अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांना सुया टोचतानाचे व्हिडिओ दाखवले, २००७ साली, तर त्यांच्यात इन्सुला उसळला नाही, उलट भावना आवरणारे पुढचे भाग कामाला लागले. आम्हालाही हळूहळू तेच जमतं, नाहीतर एका शिफ्टमध्येच संपून जाऊ. सिंगर यांच्याच गटाने पुढे असंही दाखवलं की दुसऱ्याचं दुःख नुसतं आत घेत राहायचा सराव केला की माणूस खचतो, आणि त्याचं भलं व्हावं अशा माया-करुणेचा सराव केला की मन परत वर येतं, मेंदूत जागे होणारे भागही वेगळे. हे मला वॉर्डात रोज दिसतं.
आता कामाचं सांगते. उभी राहू नकोस, बस. जखमेकडे बघू नकोस, आईच्या चेहऱ्याकडे बघ आणि तिच्याशी बोलत राहा. गरगरायला लागलं की मांड्या-पोटऱ्या घट्ट आवळून धर, बीपी पडत नाही तेवढं.

चाफेकळी:
ताई, वाचताना रडूच आलं. काल भावाला विचारलं तुला काही होत नाही का, तर म्हणाला होतं गं, मी फरशीच्या टाइल्स मोजत असतो. उद्या परत ड्रेसिंग आहे. स्टूल आईच्या उशाकडे ओढून घेईन.