मदत हवी आहे: सिकवरून (आजारपणाच्या रजेवरून) हजर होण्याआधी नवऱ्याला मानसिक तपासणी सांगितली आहे

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातली. आमचे हे पोलीस हवालदार, नोकरी 19 वर्षं, बरीचशी खाडीकाठच्या ठाण्यांत. बुडालेल्यांचे पंचनामे यांच्याच गळ्यात पडायचे, कारण यांना नाही म्हणता येत नाही. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं तेव्हाही हे बंदोबस्ताला तिथेच. तेव्हा काही झालं नाही. म्हणजे झालं असेल, घरी बोलले नाहीत.

यंदा मिरगाचा पाऊस लागला, पागोळ्या वाजायला लागल्या आणि यांची झोप गेली. रात्री अडीचला पडवीत बसलेले. ठाण्यात एका नव्या शिपायावर हात उगारला, तेव्हा साहेबांनीच सिकवर जायला सांगितलं. खासगी मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. दीड महिन्यात पुष्कळ फरक आहे, आता बाजारात कोळणीशी घासाघीससुद्धा करतात.

हजर व्हायला गेले तर म्हणे खासगी फिटनेस चालणार नाही, सिव्हिलमधून मानसिक तपासणी करून आणा. वर एका कारकुनाने चार जणांसमोर ‘वेड्यांच्या इस्पितळाचा कागद’ म्हटलं. तेव्हापासून यांचं एकच, गोळ्यांचं तिथे बोलायचं नाही. तिथे नक्की काय विचारतात? गोळ्या सांगितल्या तर नोकरीवर येतं का?

निवृत्त जमादार: भियाव नको गो ताय. मी या चरकातून गेलोय. झोप, भूक, दारू, चिडचिड, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असं विचारतात. मी ‘सगळं उत्तम’ म्हणत राहिलो, तर आठवड्याने परत बोलावलं. दुसऱ्या खेपेला खरं बोललो. तीन महिने रात्रपाळी नाही, हत्यार नाही, वायरलेसला बसवलं. तेव्हा अपमान वाटला, पण झोप तिथेच परत आली. गोळ्यांपायी नोकरी गेलेला माझ्या पाहण्यात कोणी नाही. न कळवता घरी बसून गोत्यात आलेले पाहिलेत.

सिव्हिलवाली: ताई, दोन डॉक्टरांत गल्लत करू नका. उपचार करणारे तुमचे. त्यांच्याकडची माहिती 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीय आहे. तपासणारे मात्र खात्याच्या सांगण्यावरून तपासतात आणि अहवाल खात्याकडे जातो. म्हणून आत बसल्याबरोबर विचारा, कागदावर काय काय लिहिणार? खात्याला काम जमेल का, कुठलं आणि किती दिवस जपून, एवढंच कळलं तरी पुरतं. अमेरिकेत पोलिसांची अशी तपासणी उपचार करणाऱ्यानेच करू नये असं धरतात. आपल्या जिल्ह्यात या विषयाचे डॉक्टर मोजकेच, तेव्हा तुमचे उपचार करणारेच तपासायला समोर आले तर आधी बोलून घ्या. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज आजारी ठरवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आणि तपासणीसाठी गोळ्या बंद करू नका! रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416.

धागाकर्ती: शेवटची ओळ वाचून यांच्या गोळ्यांचं पाकीट मोजलं. तीन दिवसांच्या तशाच आहेत. विचारलं तर म्हणाले, रक्तात सापडतील म्हणून. आताच त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, उद्या बोलावलंय. जमादार काका, तुमचं उत्तर यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वायरलेसचं ऐकून पहिल्यांदा हसले. गणपतीआधी तपासणी उरकायची आहे. सोबत मला आत बसू देतात का?